ग्यानबाच्या गाडीचं शिलंगण

गाडी सुरू होईना म्हणत कुणी गॅरेजात आलं, की मी आधी गाडीकडं बघायचोच नाही. माणसाकडं बघायचो. त्याला बाकड्यावर बसवायचं, माठातलं पाणी द्यायचं आणि विचारायचं, "काल बंद कशी केलती?"

माणूस चिडायचा. "अप्पा, सुरू होईना म्हणून आलोय, आन् तुमी बंद केल्याचं काय इचारायलात?"

पण निम्मं उत्तर तिथंच असतं. रस्त्यात आचके देत, रडतखडत बंद पडली असेल तर पेट्रोलकडं बघायचं. दिवा विझावा तशी एकदम गेली असेल तर करंट गेला. आणि संध्याकाळी नीट उभी केलेली गाडी सकाळी मुकी झाली असेल तर बॅटरी, नाहीतर उंदीर, नाहीतर भाऊबंद. हसू नका. शेताच्या बांधाचा राग गाडीच्या टाकीत माती ओतून काढणारे भाऊबंद मी पाहिलेत.

वडवणीत बाजारतळाच्या अंगाला माझं गॅरेज होतं. पाटी कधी लावली नाही. "अप्पा मिस्त्री कुठं बसतो?" असं विचारलं की शेंगदाणे विकणारी बाईसुद्धा हात करून दाखवायची. आमचं घर लिंगायत वाण्याचं, वडलांचं किराणा दुकान. मी तराजू सोडून पाना धरला तेव्हा वडील म्हणाले होते, "सात पिढ्यांत हात काळे करणारा तूच पयला निघालास बघ." इंजिनावर वाकायच्या आधी गळ्यातलं लिंग बनियनच्या आत खोचायची मला सवय लागली. ती अजून आहे. आता भाजी निवडायला वाकलो तरी हात आपोआप छातीकडं जातो आणि बायको हसते.

ज्यांचा गाडीशी संबंध नुसता बसण्यापुरता, त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या पेट्रोल गाडीला सुरू व्हायला फार काही लागत नाही. पेट्रोल पोचलं पाहिजे, ठिणगी पडली पाहिजे, आणि ती वेळेवर पडली पाहिजे. चुलीला तरी दुसरं काय लागतं? सरपण, काडी, आणि फुंकर कधी घालायची हे कळणारी बाई. चावी फिरवून सेल मारला आणि नुसतं 'टक्क' झालं, तर बॅटरी उतरलेली. इंजिन गुरगुर करत फिरतंय पण पकडत नाही, तर पेट्रोल नाहीतर ठिणगी. बॉनेट उघडून नाक घालायचं. पेट्रोलचा वास आला तर ते पोचलंय, मग ठिणगीच्या मागं लागायचं. एवढीच आमची विद्या. पण ती पुस्तकात वाचून येत नाही, आणि मला शिकवणाऱ्या उस्तादांनी ती तोंडानं सांगितलीही नाही. ते नुसते माझं नाक धरून कार्बुरेटरपाशी न्यायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. घाटनांदूरचे एक भुसार व्यापारी होते, त्यांची सासुरवाडी आमच्या भागातली. दर अवसेला ते सासुरवाडीच्या मारुतीला नारळ फोडायला यायचे आणि दर अवसेला त्यांची गाडी देवळापुढं बंद पडायची. एरवी महिनाभर घोड्यासारखी पळायची. करणी झाली म्हणून त्यांची खात्रीच पटली. एका अवसेला मला बोलावणं आलं. जाऊन बघतो तर मागच्या सीटवर एक देवरुषी लिंबं मांडून बसलेला. मी गाडीभोवती फिरलो. देवळापुढं मोठा उतार, गाडी तोंड खाली करून लावलेली. शेटजी स्वभावानं चिकट, टाकीत पेट्रोल नेहमी तळाला. उतारावर ते पेट्रोल टाकीच्या एका अंगाला जायचं आणि नळी कोरडी राहायची. चार माणसं लावून मी गाडी सपाटीला घेतली, सेल मारला, गाडी सुरू. देवरुषी खाली उतरला आणि लिंबं गोळा करत म्हणाला, "मी बी त्येच म्हणणार होतो, आधी तिचं तोंड फिरवा." शेटजींनी नारळ त्यालाच दिला.

एका पुढाऱ्याची जीप अशीच सभेच्या मैदानात अडली. बॉनेटमध्ये पंधरा डोकी. कुणी म्हणे प्लग, कुणी म्हणे कॉईल. मी टाकीचं झाकण उघडून टाकीवर टिचकी मारली. टाकी ठणठण वाजली. काटा मात्र अर्ध्यावर. तो काटा कैक वर्षं अर्ध्यावरच अडकलेला होता आणि हे त्या पंधराही जणांना ठाऊक होतं. पण साहेबांना "टाकी अर्धी हाय" हे ऐकायला बरं वाटायचं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. गाडी आणि माणूस यांच्यात बिघाड नेमका कुणाचा, हे ओळखणं हाच आमचा खरा धंदा.

आता गॅरेज बंद आहे. त्या जागेत माझा मुलगा मोबाईलचं दुकान चालवतो, चांगलं चालवतो. नव्या गाड्यांना वाचा फुटलीय. यंत्र लावलं की त्या स्वतःच सांगतात कुठं दुखतंय. वाईट काही नाही त्यात. पण मला त्या मुक्या गाड्यांची फार आठवण येते, खोटं कशाला बोलू. सकाळी शटर उघडल्यावर ऑईल, रबर आणि ओल्या मातीचा मिळून जो वास यायचा त्याची आठवण येते. रात्री कधी रस्त्यानं जुनं इंजिन जातं आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या म्हणतो, "तीन नंबरचा प्लग मारत न्हाई ह्याचा." बायको म्हणते, "झोपा. त्याला घर गाठू द्या."

हत्यारं मात्र मी विकली नाहीत. ट्रंकेत आहेत. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बाहेर काढतो, रॉकेलनं धुतो, पाटावर मांडतो. पाने, पक्कड, स्क्रू डायव्हर, हातोडी, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल. ज्यांना रीत ठाऊक नाही त्यांना सांगतो: त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेलं असतं, एक दिवस त्याला बसू द्यायचं. दसऱ्याला पूजा हलवली की मग पुन्हा कामाला. माझ्या हत्यारांना आता बाराही महिने खंडेनवमीच आहे. तरी मी मांडतो.

ज्या गाडीसाठी हे लिहायला बसलो, तिची गोष्ट खंडेनवमीचीच आहे.

ग्यानबा माझा दोस्त. वडवणीपासून आत, ओढ्यापलीकडच्या गावचा. घर धनगराचं, घरी मेंढरं. बापाच्या माघारी काही दिवस मेंढरं वळली आणि मग एके दिवशी अख्खा कळप चुलत्याच्या हवाली करून रस्त्याची कामं घेणाऱ्या बीडच्या एका गुत्तेदाराची जुनी पांढरी अँबॅसिडर घेऊन आला. चुलता वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. ग्यानबा भाड्यानं गाडी मारायचा. त्या अंगाच्या किती बाळंतिणी, किती नवऱ्या मुली, किती लकवा मारलेले म्हातारे त्यानं बीडला पोचवले असतील, त्याला गणती नाही. पण गाडी चालवायची तऱ्हा मेंढक्याचीच. सुरू करायच्या आधी बॉनेटवर थोपटायचा आणि चढ आला की जिभेनं "ट्रर्र, ट्रर्र" करायचा. शेजारी बसलेल्या पाव्हण्याला वाटायचं, माणूस कामातून गेलाय.

त्या काळी गाड्या चोरीला जायच्या. ग्यानबाला त्याची लई धास्ती. मग मीच त्याला एक युक्ती शिकवली. जुन्या गाडीच्या इंजिनाला कुशीत एक डबी असते, डिस्ट्रिब्युटर म्हणतात तिला. वर काळी टोपी, ती दोन क्लिपांवर बसलेली, बोटानं निघते. आत अंगठ्याएवढा एक तुकडा असतो, तो गरगर फिरून चारही प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटतो. रोटर त्याचं नाव. आणि त्याच्या खाली दोन बारीक टिकल्या, एकमेकींना लागतात आणि सुटतात. ते पॉईंट. त्या लागून सुटल्या की ठिणगी.

"ग्यानबा," मी म्हणालो, "गाडीचा जीव हितं हाय. ह्यो रोटर काढून रातीला घरात ठिव. मग चोराच्या बापाच्यानं बी गाडी हलायची न्हाई."

ग्यानबानं ते फार मनावर घेतलं. रोज घरी पोचला की टोपी उघडायची, रोटर काढायचा आणि बायकोच्या हातात द्यायचा. गोदावहिनी तो देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवायच्या. सकाळी प्रसाद द्यावा तसा परत नवऱ्याच्या हातावर ठेवायच्या. मी चेष्टा करायचो, "वहिनी, खंडोबाला रोज पेट्रोलचा वास घ्यायला लावताव." त्या म्हणायच्या, "घेऊ द्या की. त्येच्या जिवावर तर गाडी रातीची सुखरूप घरी येती."

आणखी एक गोष्ट होती त्या घरात. गावाच्या शिवेवर ओढा, आणि ओढ्याचा चढ. तिथं ग्यानबा गाडी दुसऱ्या गेरात टाकायचा आणि इंजिनाचा आवाज एकदम घोगरा व्हायचा. तो आवाज घरापर्यंत पोचायचा. तो ऐकला की वहिनी चुलीवर तवा टाकायच्या. ग्यानबा हातपाय धुऊन बसेस्तोवर पहिली भाकर फुगायची. मी त्याच्याबरोबर असलो की मलाही मिळायची. तसली भाकर नंतर कुठं खाल्ली नाही.

ग्यानबा झोपेतच गेला. कुणाला काही त्रास दिला नाही. गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, खंडेनवमीच्या सकाळी, ग्यानबाचा मुलगा दत्ता मोटारसायकलवर माझ्या दारात. दत्ता पुण्याला कंपनीत असतो. सणाला आला होता. चपला काढायच्या आधीच म्हणाला, "अप्पा, चला. आईनं बोलावलंय. गाडी सुरू होती का बघायची."

"आरं, आज? माझी हत्यारं पूजेला बसलीत."

"दुपारी भंगारवाला यायलाय टेम्पो घेऊन. मी आईला म्हणलं, चालू झाली तर ठिवू, न्हाई तर देऊन टाकू. पत्र्याखाली जनावरं निघायलीत अप्पा. परवा शेजारच्या पोरीच्या पायापाशी साप निघाला. आई एकटी ऱ्हाते तिथं. मी कसा झोपू तिकडं पुण्याला?"

पोराचं काही चुकत नव्हतं. तरी म्हणालो, "उद्याला बोलव की त्येला."

"उद्या सणाचा यायचा न्हाई म्हणतो. परवा तर मी निघालोच."

मी पाटाकडं बघितलं. नुकतंच कुंकू वाहिलेलं, फुलं ताजी. आयुष्यात खंडेनवमीला मी पाना उचलला नव्हता, आणि ग्यानबाच्या गाडीसाठी उचलावा तर हात धजेना. न उचलावा तर गाडी कायमची जाणार. बायको आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "हत्यारं बसलीत पूजेला. हात कुठं बसलेत? जावा की."

मोकळ्या हातानं निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा टेम्पो येऊन थांबला होता. भंगारवाला माणूस बरा होता, झाडाखाली दोर सोडवत बसला होता. गोदावहिनी उंबऱ्यावर. मला बघून पदर सावरला आणि म्हणाल्या, "आलात, बरं झालं अप्पा. हिला भंगार म्हणू नका म्हणावं ह्या दोघांला. बंद हाय, मेलेली न्हाई."

दत्तानं सगळी तयारी केली होती. ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडलेली, पेट्रोल घातलेलं. सेल मारला की इंजिन फिरत होतं, पण पकडत नव्हतं. मी लिंग बनियनमध्ये खोचलं आणि वाकलो. वास घेतला. पेट्रोल पोचलं होतं. एका प्लगची वायर हातानं ओढून काढली, उपरण्याच्या चार घड्या करून तीत धरली, टोक इंजिनाजवळ नेलं आणि दत्ताला म्हणालो, "मार." इंजिन फिरलं. ठिणगीचं नाव नाही.

मग डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली. पत्र्याखालच्या सावलीत एवढंच दिसलं की आत रोटरच नव्हता. कपाळावर हात मारून घेतला.

"वहिनी, ह्याच्यातला जीव कुठंय?"

त्या आत गेल्या आणि ताम्हणात घालून रोटर घेऊन आल्या. धुतलेला, पुसलेला, हळद-कुंकू लावलेला. दत्ता बघतच राहिला.

"आई! सकाळधरनं मी बॅटरी लावायलोय, पेट्रोल घालायलोय, आन् ह्ये तुझ्यापाशी?"

"तू इचारलंस का? रातीला आणून द्यायची वस्तू. आणून देणारं माणूस गेलं. मला काय ठाव परत कवा द्यायची?"

रोटरवरचं कुंकू उपरण्यानं पुसलं, तो बसवला, टोपी लावली, प्लगची वायर परत जोडली. सेल मारला. गुर्र, गुर्र, गुर्र. नाही. पुन्हा. नाही. बॅटरी दमत चालली. झाडाखालचा माणूस दोर घेऊन उभा राहिला. वहिनींनी त्याच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. ती नजर मला सहन झाली नाही. मी पुन्हा टोपी उघडली, रोटर काढला आणि उन्हाची तिरीप आत पडेल असं अंग बाजूला घेऊन खाली पॉईंटकडं निरखून पाहिलं.

पॉईंट लालभडक. त्या बारीक टिकल्यांवर कुंकवाचं चांगलं जाड बोट फिरवलेलं, खाली हळद, कडेला अक्षता. कुंकवाच्या थरातनं करंट जातोय कशाला. मी गाड्यांतनं उंदीर काढलेत, गांधीलमाश्यांचं पोळं काढलंय, एकदा तर गाजरं काढलीत. पण पूजेनं बंद पडलेली गाडी जन्मात पाहिली नव्हती.

"वहिनी, हितं कुंकू कुणी लावलं?"

"मीच की. कावून?"

"लोक बॉनेटला लावतेत."

"लावू द्या लोकांला. तुमीच ह्यांला म्हणला व्हतात, गाडीचा जीव हितं हाय म्हणून. मग पूजा काय टपाची करू? दरसालच्या खंडेनवमीला लावते. सकाळीच लावलंय."

"ग्यानबा असल्यापास्नं?"

"गाडी आणल्यापास्नं."

मला काही समजेना. असं असेल तर दरवर्षी दसऱ्याला ग्यानबाची गाडी बंद पडायला हवी होती. आणि बंद पडली असती तर माझ्याकडं आली असती. एकदाही आली नव्हती. पण तेवढा विचार करायला तेव्हा वेळ नव्हता. पॉईंट साफ करायला बारीक पॉलिश पेपर लागतो, तो माझ्या ट्रंकेत. पण जुन्या मिस्त्रीला दुसरी एक वस्तू पुरते. काडीपेटीची घासायची बाजू. ती बरोबर तेवढीच खरखरीत असते.

"वहिनी, काडीपेटी द्या जरा."

त्यांनी आतून काडीपेटी आणली. मी तिची बाजू सोलून काढली, पट्टी केली, पॉईंटच्या मधे सरकवली आणि घासायला लागलो. कुंकू भुकटी होऊन खाली पडायला लागलं. वहिनी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. बघता बघता त्यांचा चेहरा पालटला.

"अप्पा, ह्ये बी दसऱ्याच्या सकाळी काडीपेटी मागायचे."

मी थांबलो.

"मला वाटायचं बिडी वढायला. मी रागवायची. सणासुदीचं देवाआधी बिडी कशाला म्हणून. त्ये नुसते हसायचे आन् काडीपेटी घिऊन गाडीकडं जायचे. माघारी यायची तवा पेटीची एक बाजू सोललेली असायची. मी म्हणायची, ही पेटी कुणी नासवली? तरी बोलायचे न्हाईत." त्यांनी पदर तोंडाला लावला. "एवढी वरसं. एकडाव बी म्हणले न्हाईत अप्पा, की कुंकू लावू नगंस, गाडी बंद पडती म्हणून."

मला पॉईंट दिसेनासे झाले. भंगारवाल्यानं दोर खाली ठेवला.

घासून झालं, रोटर बसवला, टोपी लावली. पण बॅटरीत आता ठिणगीपुरताच दम उरला होता, सेल फिरवण्याएवढा नव्हता. दत्ता म्हणाला, "आता?" मी म्हटलं, "हँडल हाय ना डिकीत." त्या गाड्यांना पुढून घालून हातानं फिरवायचं लोखंडी हँडल असायचं. दत्तानं ते घातलं. मी त्याला शिकवलं, "आंगठा वर ठिव, दांडीला गुंडाळू नगंस, उलटं मारलं तर मनगट घिऊन जाईल. खालनं वर वढ." पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा ओढायच्या आधी दत्तानं, मी शपथेवर सांगतो, बॉनेटवर थोपटलं.

सुरू झाली. काय धूर सोडला म्हणता! पत्र्यावरची कबुतरं उडाली, शेजारची म्हैस दावं तोडायला लागली, भंगारवाल्यानं टाळ्या वाजवल्या. दत्तानं गोठ्यातला मोडका नांगर आणि गंजलेला पंप त्याच्या टेम्पोत घातला आणि म्हणाला, "ह्ये न्या मामा. मोटार ऱ्हाऊ द्या."

"वढ्यापस्तोर नेऊन आणा," वहिनी म्हणाल्या. "त्ये दसऱ्याला न्यायचे, शिलंगणाला. आज एक दिस आधी झालं तर काय बिघडत न्हाई." आमच्याकडं दसऱ्याला गावाची शीव ओलांडायची रीत आहे. ग्यानबा ती गाडीसकट पाळत होता, हेही मला त्या दिवशी कळलं.

दत्ता चालवत होता, मी शेजारी. ओढा ओलांडला, वळवली, परत चढाला लागलो. मी म्हटलं, "दुसरा टाक." दत्तानं दुसरा टाकला. तोच घोगरा आवाज. आणि समोर घराच्या पत्र्यातनं धुराची बारीक रेघ वर निघाली. वहिनींनी तवा टाकला होता.

आम्ही पोचलो तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत. चुलीपुढनंच म्हणाल्या, "हात धुवा. गरम हाय तवर खावा."

तेव्हापासून दर दसऱ्याला मी तिकडं. हत्यारं नेत नाही, खिशात नुसती काडीपेटी. वहिनी आदल्या दिवशी कुंकू लावायच्या, मी दुसऱ्या दिवशी घासून काढायचो, दत्ता ट्रॅक्टरची बॅटरी जोडून हँडल मारायचा, गाडी ओढ्यापर्यंत जाऊन यायची, भाकर तयार. आता तर वहिनींनाही सगळं ठाऊक होतं. मी कधी लावू नका म्हटलं नाही आणि त्यांनी कधी थांबवलं नाही. उलट काडीपेटी माझ्या खिशात दिसली तरी त्या आतली आणून द्यायच्या. बायको मला म्हणायची, "बिघाड ठाऊक असून ठिवलाय. गिऱ्हाईक टिकवायची ही बरी रीत." मी म्हणायचो, "हाय खरी."

ह्या उन्हाळ्यात गोदावहिनी गेल्या.

दसऱ्याच्या आधी दत्ताचा फोन आला. "अप्पा, येताव न्हवं?" मी गेलो. दत्ता घर आवरून बसला होता. देव पुण्याला न्यायचे म्हणून फडक्यात बांधलेले. रोटर मात्र बाजूला काढून ताम्हणात ठेवलेला. तो त्यानं माझ्या हातावर ठेवला. मी बॉनेट उघडलं, काडीपेटी काढली, बाजू सोलून पट्टी तयार केली. मग टोपी उघडली.

पॉईंट स्वच्छ होते. गेल्या दसऱ्याला मी घासून ठेवले होते, तसेच्या तसे. चकचकीत.

पट्टी हातातच राहिली. काम काही नव्हतंच. रोटर बसवला, टोपी लावली. दत्तानं हँडल घातलं आणि अर्धा फेरा ओढला न ओढला तोच गाडी सुरू झाली. "पयल्या झटक्याला अप्पा!" तो ओरडला आणि मग हळूच हँडल काढून घेतलं. सारा जन्म मी गाडी पहिल्या झटक्याला सुरू व्हावी म्हणून घालवला. त्या दिवशी झाली आणि मी ती न वापरलेली पट्टी घडी करून खिशात घातली.

ओढ्यापर्यंत गेलो. परतताना चढाला दत्तानं न सांगता दुसरा टाकला. आवाज घोगरा झाला. दोघांनीही मान वर करून घराच्या पत्र्याकडं पाहिलं. पत्र्यावर काही नव्हतं. दत्तानं गाडी तिथंच चढाला उभी केली. इंजिन चालू, पाय ब्रेकवर, डोळे समोर.

"अप्पा, आवाज तर त्योच हाय न्हवं?"

"त्योच हाय."

त्यानं पहिला टाकला आणि गाडी पुढं घेतली.

घरी आलो. दत्तानं गाडी पत्र्याखाली लावली, बंद केली. रोटर काढायला म्हणून मी टोपी उघडली. रोटर त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "ह्यो खंडोबासंगं ने. तुझ्या देव्हाऱ्यात ठिव. आन् त्यो करंडा दे इकडं."

त्यानं वहिनींचा कुंकवाचा करंडा आणून दिला. मी करंगळीशेजारचं बोट बुडवलं, वाकलो आणि पॉईंटवर नीट दाबून फिरवलं. दोन्ही टिकल्या लाल झाल्या. टोपी बसवली, क्लिपा लावल्या.

दत्ता बघत होता. म्हणाला, "अप्पा, आता पुढच्या दसऱ्याला सुरू न्हाई व्हायची."

"न्हाई व्हायची."

"मग?"

"मग ये. येताना काडीपेटी घिऊन ये."